शाळेचे कवेलू

नत्थूजी कोणाच्याही घरी गेले, की माणसाकडे पाहायच्या आधी वर छपराकडे पाहतात. घरधनी म्हणतो, या, बसा, पाणी घ्या. आणि यांची मान आढ्याला लागलेली. पुतण्यासाठी एकदा सोयरीक पाहायला गेले होते. पोरगी चहा घेऊन आली, सगळे पोरीकडे पाहून राहिले आणि हे वाश्याकडे. शेवटी पोरीच्या बापानं विचारलं, पसंत आहे ना? तर नत्थूजी म्हणाले, उजव्या अंगचा वासा कुजला आहे, यंदा बदलून घ्या. सोयरीक जमली, वासाही बदलला, पण जयवंताबाईंनी नवऱ्याला त्यानंतर कोणाच्या सोयरिकीला म्हणून नेलं नाही.

माणूस तसा शेतकरी. आंजीच्या पुढं, नाल्याच्या वळणावर बोरटाकळी नावाचं लहानसं गाव आहे, तिथं त्यांची वाडी. वांगी, मेथी आणि सांबार. पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो सांबार. माल आंजीच्या बाजारात जातो, जास्त निघाला तर एसटीच्या टपावरून वर्ध्याला. पण गावात नत्थूजींचं नाव निघतं ते वांग्यांमुळे नाही, कवेलूंमुळे, म्हणजे छपरावरच्या कौलांमुळे.

कवेलू फेरणं काय असतं हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. पाणी यायच्या आधी, मे महिन्याच्या उन्हात छपरावर चढायचं. कवेलू रांगेनं उचलायचे, खालचा पालापाचोळा आणि उंदरांचा संसार झाडून काढायचा, फुटका खाली टाकायचा, त्याच्या जागी चांगला घ्यायचा आणि पुन्हा एकावर एक चढवत रांग बसवायची. एवढी हाडं मोडून झाल्यावर घर दिसतं कसं? काल होतं तसंच. रस्त्यानं जाणारा कोणी थांबून म्हणत नाही, वा, काय फेरलं. गळलं तर मात्र सांगायला सगळे येतात.

गावची शाळा इंग्रजांच्या काळातली. चार खोल्या, लांब ओसरी, सागाचे वासे आणि वर कवेलू. जुन्या लोकांनी एक रीत घालून दिलेली होती: आधी शाळा फेरायची, मग आपापलं घर. शाळा व्हायच्या आत कोणी आपल्या घराला शिडी लावली, तर त्याची वर्षभर टिंगल व्हायची. घरटी एक माणूस यायचा, नत्थूजी आढ्यावर बसायचे, खालून वर हातोहात कवेलू जायचे. दुपारी तिथंच ओसरीत पंगत, आंब्याचा रस आणि बायांनी घरोघरी काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे. त्या पंगतीसाठी तरी लोक यायचे, हेही खरं आहे. पण यायचे.

मग गावात घरं बदलू लागली. ज्याच्याजवळ थोडं आलं त्यानं स्लॅब टाकला, ज्याच्याजवळ नव्हतं त्यानं टिन. नत्थूजींना टिनाचा भारी राग. टिनाच्या घराला ते डब्बा म्हणायचे. डब्ब्यात फरसाण राहतं, माणूस राहत नाही, असं ते टिन टाकणाऱ्याच्या तोंडावर सांगायचे आणि वर त्याचाच चहा प्यायचे. स्वतःच्या घरावर त्यांनी बापाच्या हातचे कवेलू ठेवले होते, आणि त्याचा त्यांना ताठा होता.

घरात तिघंच. नत्थूजी, जयवंताबाई आणि नात काजल. मुलगा आणि सून कारंज्याला हायवेवर ढाबा चालवतात. तिथं दिवसरात्र ट्रक, दारू पिऊन येणारे जाणारे, पोरीच्या जातीला अभ्यासाला कोपरा नाही. म्हणून काजल पहिलीपासून आजी-आबाजींकडे. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. मधल्या सुट्टीत ती घरी येऊन ताक पिऊन जायची, आणि नत्थूजी नेमके त्याच वेळी वाडीतून काहीतरी विसरलेलं न्यायला घरी यायचे. काय विसरलं होतं, ते जयवंताबाईंनी कधी विचारलं नाही.

मुकेश सरपंच झाला तेव्हा गावाला बरं वाटलं. तिशीतला पोरगा, धावपळ करणारा, याच शाळेत शिकलेला. वर्ध्याच्या कचेऱ्यांचे त्यानं उंबरे झिजवले आणि एक दिवस पारावर सगळ्यांना बसवून सांगितलं, की शाळेला नवीन इमारत मिळू शकते. नव्या बांधकामासाठी पैसा आहे. दुरुस्तीसाठी नाही, मागितला तर हसतात. पण नवी मिळायची तर जुनी कामातून गेली असं साहेबांच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. म्हणून यंदा कोणी शाळा फेरू नये.

नत्थूजी म्हणाले, फेरायला सरकारचा पैसा लागतोच कशाला? आजवर कधी लागला? लोक हसले. मुकेश हसला नाही. तो खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकाजी, तुमी हाय तोवर ठीक हाये. तुमच्या मागं कोन चढन?"

नत्थूजींनी पारावरचे चेहरे एकेक करून पाहिले. मागच्या साली पंगतीला सगळे होते, शिडीवर चौघंच. त्यांचा स्वतःचा उजवा गुडघा जिन्याच्या नावानंही कुरकुरायचा. आणि मुकेश सांगत होता ते काही वाईट नव्हतं: दोन मजले, स्लॅब, पोरींसाठी धड संडास, संगणकाची खोली. त्या खोलीत बसलेली काजल नत्थूजींना दिसली. ते म्हणाले, बरं बापा, नाही फेरत.

त्या मे महिन्यात शाळेला शिडी लागली नाही. पंगत झाली नाही, सरगुंडे घरच्या घरी खाल्ले गेले.

आणि गंमत पाहा. शाळा गळेचना. मागच्या सालची फेरणी इतकी पक्की, की आषाढ सरून श्रावण लागला तरी फळ्यावर एक थेंब नाही. इकडे साहेब पाहणीला येणार म्हणून निरोप आला. मुकेश कावराबावरा होऊन नत्थूजींच्या घरी आला. बराच वेळ हवापाण्याचं बोलला, वांग्यांचा भाव विचारला, मग जमिनीकडे पाहत म्हणाला, की काकाजी, कोणत्या जागचे सरकवले म्हणजे सगळं गळतं, ते तुम्हालाच ठाऊक.

नत्थूजींनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांना ते तेव्हाही कळत होतं. पण त्यांनी मनाशी ठरवलं, की एक पाहणी होऊ द्यायची, दुसऱ्या दिवशी सगळं बसवून टाकायचं. रविवारी उजाडताच ते शिडी घेऊन गेले. आढ्याजवळच्या दोन रांगा सरकवल्या, मधूनमधून चांगले चांगले कवेलू काढून खाली सोडले. आयुष्यभर जे हात एक दिशेनं चालले ते त्या दिवशी दुसऱ्या दिशेनं चालले. जयवंताबाई चहाचं पातेलं घेऊन आल्या आणि खाली उभ्या राहून पाहत राहिल्या.

"उलटं काम करून राह्यले तुमी," त्या म्हणाल्या. चहा ओसरीत ठेवून निघून गेल्या.

पाहणीला आलेले इंजिनिअर आदेशसाहेब तरुण आणि कमी बोलणारे होते. बाहेर धो धो पाऊस, आत फळ्यावरून ओघळ, पोरं दप्तरं पोटाशी धरून एका कोपऱ्यात उभी. साहेबांनी वर पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, नत्थूजी पाहतात तसं. मग फोटो काढले आणि गेले. मुकेशनं गावाला पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी नत्थूजी शिडी काढायला लागले तर त्यानं हात धरला. कागद पुढं सरकू द्या, मग पाहू, म्हणाला.

कागद सरकला, पण भलतीकडे. इमारत धोकादायक आहे, पोरांना आत बसवू नये, असा हुकूम आला. शाळेला कुलूप. नवीन होईतोवर पोरांनी नाल्यापलीकडच्या गावच्या शाळेत जावं, तात्पुरतं. आता नाल्याला पूर आला की पलीकडे जाणं बंद, हे बोरटाकळीच्या कुत्र्यालाही माहीत आहे. लोक काय करतील? ज्याला झेपलं त्यानं पोराला व्हॅननं आंजीच्या इंग्रजी शाळेत घातलं, कोणी मामाच्या गावी धाडलं. काजल काही दिवस आबाजींच्या खांद्यावर बसून नाला ओलांडत होती. एकदा नत्थूजींचा गुडघा पाण्यातच वळला आणि दोघंही गटांगळी खाऊन उठली. पोरीला काही झालं नाही. पण ती गोष्ट कारंज्याला कळली आणि दुसऱ्याच दिवशी मुलगा मोटरसायकल घेऊन आला.

काजलनं दप्तर भरलं, आजीच्या गळ्यात पडली, आणि गाडीवर बसल्यावर आबाजींना म्हणाली, "शाळा बनली की मले फोन करजो." नत्थूजींनी मान हलवली. गाडी वळणाआड गेल्यावर ते वाडीत गेले आणि वांग्याच्या ओळींत बसून रडले. मधल्या सुट्टीच्या वेळेला ते त्यानंतरही घरी यायचे. सवय मोडायला वेळ लागतो.

दिवाळीनंतर मुकेश वर्ध्याला जाऊन आला तो तोंड पाडूनच. पोरं दुसऱ्या शाळांत गेली, आता तुमच्या गावात इमारत कोणासाठी बांधायची, असं त्याला विचारलं होतं. पैसा जिथं पोरं आहेत तिथं जाणार. मुकेशनं पारावर बसणं सोडलं. शाळेच्या छपरावर आता खालून हाकलणारं कोणी नव्हतं, तेव्हा वांदरांचा मेळा तिथं उन्हं खायला जमू लागला. रोज दोन-चार कवेलू खाली. नत्थूजी वाडीत असले तरी तो फुटल्याचा आवाज त्यांना ऐकू यायचा, जेवण जात नव्हतं.

होळी झाल्यावर एक दिवस ते कोणाला न सांगता एसटीत बसले. कचेरीत आदेशसाहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि नमस्कार न करता म्हणाले, "साहेब, शाळा गळत नव्हती. म्या काढलते कवेलू."

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. "मला दिसलं होतं," ते म्हणाले. "रांगा सरकवलेल्या होत्या. लाकूड अजून पक्कं आहे, तेही दिसलं होतं. पण पोरं माझ्यासमोर भिजत होती. बसू द्या त्यांना, असं मी कोणत्या तोंडानं लिहू?"

हे नत्थूजींच्या डोक्यात आलंच नव्हतं. साहेबाला फसवलं असंच ते इतके दिवस समजत होते, आणि साहेबानं तर पोरांकडे पाहिलं होतं. मग साहेबांनी त्यांना नीट समजावून सांगितलं. छप्पर पहिल्यासारखं करा, मी स्वतः येऊन पाहीन, चांगलं असेल तर चांगलं लिहीन, शाळा उघडायला अडचण राहणार नाही. पण इमारत चांगली आहे असं एकदा लिहिलं, की नवीन मागायचं कारण संपलं. पुढं कधी मिळेल सांगता येणार नाही. आणि फेरायला माझ्याकडे पैसा नाही. गावाला विचारून ठरवा, म्हणाले.

ग्रामसभेत नत्थूजींनी उभं राहून सगळं सांगितलं. कवेलू आपण काढले, आपणच बसवतो, गावानं हात द्यावा. मुकेशचं नाव त्यांनी घेतलं नाही. मुकेश टेबलामागं मान खाली घालून बसला होता, त्यानंही घेतलं नाही. लोक खवळले. महादेवराव म्हणून गावातले एक मोठे शेतकरी आहेत, ते म्हणाले, की होती ती शाळा तुम्ही मोडली आणि आता नवीन येईल तीही येऊ देत नाही. आज ना उद्या स्लॅब मिळेल, त्या जुन्या सांगाड्यासाठी उन्हात मरायला कोणाला वेळ आहे? बरेच जण त्यांच्या बाजूनं झाले, आणि त्यांचं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. पिढ्यानपिढ्या फेरतच राहायचं का, बोरटाकळीनं चांगलं काही मागूच नये का? शेवटी ठरलं ते एवढंच, की नत्थूजींना करायचं ते करू द्या, गावाला बोलावू नका.

मग काय, दोघं म्हातारे लागले कामाला. नत्थूजी वर, जयवंताबाई खाली. जन्मात कधी शिडी न चढलेली बाई अर्ध्या शिडीवर उभी राहून कवेलू वर देऊ लागली. चौथ्या दिवशी चार खोल्यांपैकी तिसरी अर्धी झाली आणि कवेलू संपले. वांदरांनी फार नुकसान केलं होतं. नवीन आणावे तर जवळपासचा कुंभार आता कवेलू करत नाही, त्याच्या पोराचं मोबाइलचं दुकान आहे.

नत्थूजी आढ्यावर बसून राहिले. तिथून गाव दिसत होतं, सगळं टिन आणि स्लॅब, आणि मधे एकच कवेलूचं घर. त्यांचं. त्यांनी तिकडून नजर वळवली. पण जयवंताबाईंनीही तिकडंच पाहिलं होतं.

"आपल्या घराचे काढा," त्या म्हणाल्या.

"मंग आपन?"

"टिन टाकू."

"डब्ब्यात राहू म्हनतं व तू मले?"

"काजल येईन तं डब्ब्यात राहू," जयवंताबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून घराकडे चालू लागल्या.

बापाच्या हातचे कवेलू नत्थूजींनी एकेक पुसून उतरवले. घमेल्यात भरभरून दोघं गावातून ते कवेलू वाहत होते. लोक दारात उभे राहून पाहायचे आणि आत जायचे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आनंदाबाई घमेलं घेऊन मागं आल्या. त्यांच्या मागं आणखी दोघी. पुरुष आले नाहीत.

मेच्या शेवटी आदेशसाहेब आले. चारही खोल्यांत जाऊन त्यांनी वर पाहिलं. ओसरीत बसून पाणी प्यायले आणि नत्थूजींच्या घरावरच्या कोऱ्या टिनाकडे एकदा पाहिलं. मग जे लिहायचं ते लिहिलं.

जूनमध्ये शाळा उघडली. पोरं थोडी होती, पण होती, आणि गुरुजी परत आले. नत्थूजींनी कारंज्याला फोन लावला आणि जयवंताबाईंच्या हातात दिला. काजल आली ती टिन पाहून हसत सुटली. आबाजी डब्ब्यात राहतात, हे तिनं पहिल्याच दिवशी शाळेत सगळ्यांना सांगितलं. पावसाळाभर टिनावर इतका आवाज, की नवरा-बायकोला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. जयवंताबाई म्हणतात, ते एक बरंच झालं. नवीन इमारत नाल्यापलीकडच्या गावाला मिळाली, दोन मजली, गुलाबी रंगाची. बोरटाकळीचे लोक येता-जाता ती पाहतात, आणि कोणी कोणी अजून नत्थूजींच्या नावानं बोटं मोडतो. इमारत छान आहे, नत्थूजीही तसं म्हणतात. फक्त आत गेल्यावर वर पाहायला काही नाही, म्हणतात.

यंदाचा मे आला. नत्थूजींचा गुडघा आता पुरता गेलेला. तरी सकाळी ते शिडी ओढत शाळेजवळ गेले, भिंतीला लावली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि उतरवला. पुन्हा ठेवला, पुन्हा उतरवला. तितक्यात मुकेश आला. जुनी पँट, डोक्याला दुपट्टा. त्यानं काकाजींना बाजूला केलं आणि भराभर शिडी चढून छपरावर गेला. वर मात्र आढ्याला धरून तो तसाच वाकून उभा राहिला.

"काकाजी," तो वरून म्हणाला, "त्या दिवशी सभेत मले बोलाले पाह्यजे होतं."

नत्थूजींनी उन्हाला हात आडवा धरून त्याच्याकडे पाहिलं.

"ते राहू दे," ते म्हणाले. "पाय कवेलूवर नाई, वाश्यावर ठेव. आन आढ्यापासून सुरू कर."

मुकेशनं पाय उचलला आणि चाचपत वाश्यावर ठेवला. खाली नत्थूजी शिडी धरून उभे राहिले.